थ्रॅश मेटलचा सर्वश्रेष्ठ अल्बम : एका जुन्या वादाची पार्श्वभूमी

थ्रॅश मेटल, म्हणजे हेवी मेटलचा अतिशय वेगवान आणि आक्रमक प्रकार, ऐकणारी पुण्यातली मंडळी एकत्र बसली की बोलणे कुठूनही सुरू झाले तरी १९८६ या सालापाशी येऊन अडते. एक बाजू मेटॅलिका या बँडच्या ‘मास्टर ऑफ पपेट्स’ची असते, दुसरी स्लेयरच्या ‘रेन इन ब्लड’ची, मेगाडेथचे चाहते मध्येच ‘रस्ट इन पीस’ पुढे करतात आणि एखादा जुना श्रोता एक्सोडसचे नाव घेऊन बाकीच्यांना गप्प करू पाहतो. वाद रंगतो खरा, पण त्यात दोन निराळ्या प्रश्नांची गल्लत झालेली असते. सर्वांत चांगला अल्बम कोणता, हा एक प्रश्न. आणि ज्याच्यामुळे पुढचे संगीत बदलले तो अल्बम कोणता, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर ज्याच्या त्याच्या आवडीवर सोडावे लागते. दुसऱ्याचे उत्तर मात्र बऱ्याच अंशी इतिहासात सापडते, आणि त्या इतिहासात कोणती कॅसेट कोणाच्या हाती कधी पडली याला प्रत्यक्ष संगीताइतकेच महत्त्व आहे.

या संगीताची मुळे ब्रिटनमध्ये आहेत. मोटरहेडच्या १९७९च्या ‘ओव्हरकिल’मध्ये ड्रमवादक फिल टेलर याने दोन्ही पायांनी वाजवलेल्या बेस ड्रमचा अखंड मारा, न्यूकॅसलच्या व्हेनमचा ओबडधोबड आक्रमकपणा, डायमंड हेडच्या लांबलचक आणि वळणावळणाच्या रिफ्स (गिटारवर पुन्हा पुन्हा येणाऱ्या ठळक सुरावटी), आणि डिस्चार्जसारख्या पंक बँडचा वेग व संताप ही सगळी सामग्री १९८२पर्यंत तिकडे तयार झालेली होती. ती एकत्र आणण्याचे काम मात्र अमेरिकेतल्या विशीही न गाठलेल्या मुलांनी केले. मूळचा डेन्मार्कचा लार्स उलरिक १९८१च्या उन्हाळ्यात खास डायमंड हेडसाठी इंग्लंडला गेला, त्या बँडच्या मागे मागे फिरला आणि त्यांच्याच घरी राहिला. परतल्यावर लॉस एंजेलिसमध्ये जेम्स हेटफिल्डला गाठून त्याने मेटॅलिकाची स्थापना केली. मेटॅलिकाच्या सुरुवातीच्या कार्यक्रमांत डायमंड हेडची गाणी मोठ्या संख्येने असत आणि ती दुसऱ्याची आहेत हे बँड नेहमी सांगतच असे असे नाही, हा तपशील मेटॅलिकाच्या कट्टर चाहत्यांना आजही फारसा रुचत नाही.

त्या काळी हे संगीत पसरले ते टपालाने. अमेरिका आणि युरोपातले श्रोते एकमेकांना पत्रे लिहीत, कॅसेटवरून कॅसेट उतरवून पाठवीत आणि त्या बदल्यात दुसरी कॅसेट मागवीत. मेटॅलिकाची १९८२ सालची ‘नो लाइफ टिल लेदर’ ही सात गाण्यांची डेमो कॅसेट अशीच हातोहात फिरली आणि न्यू जर्सीतल्या जुन्या बाजारात रेकॉर्डी विकणाऱ्या जॉन झझुला यांच्यापर्यंत पोहोचली. त्यांनी बँडला पूर्व किनाऱ्यावर बोलावून घेतले, आणि कोणतीही कंपनी अल्बम काढायला तयार होईना तेव्हा स्वतःच मेगाफोर्स ही कंपनी काढली. त्या प्रवासानंतर काही दिवसांतच, एप्रिल १९८३मध्ये, गिटारवादक डेव्ह मस्टेनला बँडमधून काढून बसने परत कॅलिफोर्नियाला धाडण्यात आले आणि त्याच्या जागी एक्सोडसमधला कर्क हॅमेट आला. जुलै १९८३मध्ये ‘किल एम ऑल’ प्रसिद्ध झाला तेव्हा त्यातल्या चार गाण्यांच्या श्रेयात मस्टेनचे नाव होते, पण वाजवायला तो नव्हता. पुढे मस्टेनने मेगाडेथ हा स्वतःचा बँड काढला. मेटॅलिका आणि मेगाडेथ यांच्या चाहत्यांमधले भांडण नेमके इथे सुरू होते आणि त्याला चाळीस वर्षे उलटून गेली आहेत.

प्रभावाचा प्रश्न निव्वळ तारखांवर सोडवायचा झाला तर तो इथेच संपावा, कारण ‘किल एम ऑल’ आधी आला; स्लेयरचा ‘शो नो मर्सी’ त्याच वर्षी डिसेंबरमध्ये आला. परंतु तारखा फसव्या असतात. एक्सोडसचा ‘बाँडेड बाय ब्लड’ १९८४च्या उन्हाळ्यात ध्वनिमुद्रित होऊन तयार होता. कंपनीच्या अडचणींमुळे तो १९८५च्या वसंतापर्यंत बाजारात आला नाही. दरम्यान मेटॅलिकाचा दुसरा अल्बम येऊन गेला होता आणि ज्यांना एक्सोडस ऐकायचे होते त्यांनी ते उतरवलेल्या कॅसेटवर ऐकूनही झाले होते. सॅन फ्रान्सिस्को आणि बर्कलीच्या छोट्या क्लबांमध्ये ज्या बँडभोवती सगळा गाव गोळा होत असे, तो बँड अधिकृत इतिहासात मात्र दुसऱ्या फळीत गेला. पुढे ‘बिग फोर’ म्हणून मेटॅलिका, स्लेयर, मेगाडेथ आणि अँथ्रॅक्स ही चौकडी रूढ झाली ती प्रामुख्याने खपाच्या आणि प्रसिद्धीच्या बळावर. गुणवत्तेची ती मोजपट्टी नव्हती. माझ्या मते एक्सोडसला पाचवे म्हणणे हीदेखील मेहरबानीच आहे.

आता १९८६. ‘मास्टर ऑफ पपेट्स’ मार्चमध्ये आला. कोपनहेगनच्या स्वीट सायलेन्स स्टुडिओत फ्लेमिंग रासमुसेन यांच्यासोबत आधीच्या वर्षाचे शेवटचे काही महिने घालवून तो मुद्रित केला होता. शीर्षकगीताची मुख्य रिफ हेटफिल्ड जवळजवळ संपूर्णपणे तारांवर वरून खाली, एकाच दिशेने आघात करीत वाजवतो. उजव्या हाताचा तळवा तारांवर टेकवून आवाज दाबायचा आणि त्या वेगात मनगट एकदाही उलटे फिरू द्यायचे नाही, ही गोष्ट ऐकताना लक्षात येत नाही. वाजवायला बसल्यावर मिनिटभरात मनगट भरून येते. या शिस्तीमुळे त्या रिफला जो धारदारपणा आला, त्याचे अनुकरण पुढच्या दोन पिढ्यांनी केले. त्याच गाण्याच्या मध्यभागी सगळे थांबते आणि दोन गिटारांचा संथ, सुरेल भाग येतो. या रचनेमागे बेसवादक क्लिफ बर्टनची शास्त्रशुद्ध संगीताची जाण होती. रेडिओचा फारसा आधार नसताना हा अल्बम अमेरिकेत २९व्या क्रमांकापर्यंत गेला. २७ सप्टेंबर १९८६ रोजी स्वीडनमध्ये बँडच्या बसला अपघात होऊन बर्टनचा मृत्यू झाला, आणि तेव्हापासून या अल्बमविषयी निर्विकारपणे बोलणे चाहत्यांना अवघड होऊन बसले आहे.

‘रेन इन ब्लड’ त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये आला. तो काढला डेफ जॅम या रॅप संगीतासाठी ओळखल्या जाणाऱ्या कंपनीने, आणि निर्माता होता रिक रुबिन, ज्याने त्यापूर्वी असे संगीत हाताळलेले नव्हते. आधीच्या ‘हेल अवेट्स’मध्ये सहा-सात मिनिटांची गाणी आणि भरपूर घुमारा होता, रुबिन आणि ध्वनिमुद्रक अँडी वॉलेस यांनी तो घुमारा काढून टाकला आणि प्रत्येक आघात कानाजवळ आणला. दहा गाणी एकोणतीस मिनिटांच्या आत संपतात. पहिल्याच गाण्यात जोसेफ मेंगेले या नाझी डॉक्टरच्या क्रूर कृत्यांचे वर्णन असल्यामुळे नेहमीच्या वितरकाने, म्हणजे सीबीएसने, अल्बम हाताळायला नकार दिला आणि अखेर तो गेफनमार्फत बाजारात आला. डेव्ह लोंबार्डोचे ड्रमवादन, गिटारच्या एकाच तारेवर सलग वेगाने फिरणारे सूर आणि सुरेलपणाला जवळपास दिलेली रजा ही वैशिष्ट्ये पुढे डेथ मेटल या आणखी कठोर प्रकाराने उचलली, वाढवली आणि त्यांतून आपला स्वतंत्र मार्ग काढला.

या दोन अल्बमांची तुलना करताना आपल्याकडच्या घराण्यांची आठवण होते, कारण इथेही नुसते कोण मोठा हे विचारून भागत नाही, कोणाची तालीम पुढे कोणी चालवली हे पाहावे लागते. ‘मास्टर ऑफ पपेट्स’ची तालीम मोठ्या रचनेची, प्रसंगानुरूप वेग बदलण्याची आणि सुरावटीची आहे, तिचे वारसदार पुढे गुंतागुंतीच्या रचनांच्या प्रोग्रेसिव्ह मेटलपासून थेट मोठ्या मैदानांवरच्या लोकप्रिय मेटलपर्यंत पसरले. ‘रेन इन ब्लड’ची तालीम संक्षेपाची आणि टोकाच्या वेगाची आहे आणि तिचे वारसदार अधिकाधिक कठोर संगीताकडे गेले. टोकाच्या मेटलवर परिणाम कोणाचा, असे विचारले तर कौल स्लेयरकडे जातो. संपूर्ण मेटलवर कोणाचा, असे विचारले तर मेटॅलिकाकडे. वादात भाग घेणारा आपल्याला सोयीचा प्रश्न गृहीत धरून बोलत असतो.

या झुंजीच्या सावलीत त्याच वर्षातल्या दोन गोष्टी हरवतात. मेगाडेथचा ‘पीस सेल्स’ हा त्यांतला एक. त्याच्या शीर्षकगीताची सुरुवातीची बेसची ओळ एमटीव्हीने आपल्या बातम्यांसाठी वापरल्यामुळे मेगाडेथचे नावही न ऐकलेल्या लोकांना ती पाठ झाली. दुसरा जर्मनीतल्या एसेनच्या क्रिएटरचा ‘प्लेझर टू किल’. कोळशाच्या खाणी आणि पोलादाचे कारखाने यांच्या रूर प्रदेशातल्या या मुलांनी अमेरिकन थ्रॅशमधली सफाई बाजूला ठेवून त्याला अधिक खरबरीत रूप दिले. गेल्सनकिर्शेनचा सोडोम हा त्यांचा शेजारी आणि स्विस सीमेजवळचा डिस्ट्रक्शन त्यांचा समकालीन. क्रिएटरचा हा अल्बम खपाच्या यादीत कुठे दिसत नाही, पण नंतरच्या डेथ आणि ब्लॅक मेटलच्या वंशावळीत तो टाळता येत नाही. ब्राझीलच्या बेलो ओरिझोन्ते शहरातल्या सेपल्चुराने १९८९च्या ‘बिनीथ द रिमेन्स’ने हे संगीत अमेरिका-युरोपची मक्तेदारी नाही हे दाखवून दिले. भारतीय श्रोत्याला सेपल्चुराविषयी वाटणारी आपुलकी यातूनच आलेली असावी. अँथ्रॅक्सचा १९८७चा ‘अमंग द लिव्हिंग’ आणि टेस्टामेंटचा त्याच वर्षीचा ‘द लेगसी’ हे उत्तम अल्बम आहेत. अव्वल क्रमांकाच्या भांडणात मात्र ते क्वचितच उतरतात.

पुण्यात हा सगळा इतिहास उलटा वाचला गेला. ऐंशीच्या दशकात परदेशातून कोणी आणलेल्या कॅसेटवरून उतरवून घेणारे मोजके श्रोते सोडले, तर इथल्या बहुतेकांची ओळख १९९१नंतरची. त्या वर्षी उपग्रह वाहिन्यांबरोबर एमटीव्ही आले, आणि त्याच वर्षी १२ ऑगस्टला मेटॅलिकाचा काळ्या वेष्टनातला, बँडच्याच नावाचा अल्बम प्रसिद्ध झाला. तो संथ, आटोपशीर आणि जगभर खपलेला अल्बम थ्रॅश सोडून देणारा होता. पुण्यातल्या पुष्कळांसाठी मात्र तोच दरवाजा ठरला. तिथून मागे जात त्यांनी १९८८चा ‘अँड जस्टिस फॉर ऑल’ गाठला, ज्यात नवा बेसवादक जेसन न्यूस्टेडचे वादन जवळजवळ ऐकूच येत नाही, आणि मग १९८६. ज्यांनी कालक्रमाने ऐकले त्यांना काळा अल्बम हा दगा वाटला. ज्यांनी उलट ऐकले त्यांना तसे वाटण्याचे कारण नव्हते. पुण्यात दोन वयाच्या चाहत्यांचे या अल्बमवरून पटत नाही त्याचे मूळ बरेचसे इथे आहे.

कोऱ्या कॅसेटच्या लांबीनेही आवडीवर परिणाम केला असे म्हटले तर अतिशयोक्ती वाटेल, पण ज्यांनी कॅसेटी भरल्या त्यांना ते पटेल. साठ मिनिटांच्या कॅसेटच्या एका बाजूला अख्खा ‘रेन इन ब्लड’ मावतो. कंपनीने काढलेल्या मूळ कॅसेटवरही तो दोन्ही बाजूंना पूर्ण दिलेला होता. ‘मास्टर ऑफ पपेट्स’ची एकेक बाजू सत्तावीस-अठ्ठावीस मिनिटांची, त्यामुळे तोही साठच्या कॅसेटमध्ये नीट बसतो. सुमारे एकेचाळीस मिनिटांचा ‘रस्ट इन पीस’ नव्वदच्या कॅसेटच्या एका बाजूला पूर्ण येतो. पासष्ट मिनिटांचा ‘जस्टिस’ साठच्या कॅसेटवर घ्यायचा तर एखादे गाणे गाळावे लागे, आणि गाळलेले गाणे ती कॅसेट ऐकणाऱ्या गटाला वर्षानुवर्षे माहीतच नसे.

सप्टेंबर १९९०चा ‘रस्ट इन पीस’ पुण्यातल्या चर्चेत इतरत्र असतो त्याहून जड भरतो, असा माझा अनुभव आहे. मार्टी फ्रीडमन आणि मस्टेन यांच्या गिटारवादनातली गुंतागुंत, आणि इथे गिटार शिकणाऱ्या, विशेषतः अभियांत्रिकीच्या मुलांना असलेले तंत्राचे आकर्षण, यांचा हा मेळ असावा. वसतिगृहांतल्या संगणकांच्या जाळ्यावरून एमपीथ्री फिरू लागल्यावर १९८३ आणि १९९० एकाच फोल्डरमध्ये आले आणि क्रमाचा प्रश्नच उरला नाही. ‘रस्ट इन पीस’ हा शैलीच्या शेवटी आलेला, आधीच्यांचे सारे शिकून घेतलेला अल्बम आहे. तो श्रेष्ठ असू शकतो, आणि माझ्या मते वादनाच्या दृष्टीने आहेही. पण वर्षभरात मेटॅलिकानेच थ्रॅश सोडला आणि वारे फिरले, त्यामुळे त्याच्यावरून शिकून लगेच पुढे जाणारी पिढी त्याला मिळाली नाही.

प्रत्यक्ष ऐकण्याची संधी फार उशिरा आली. मुंबईच्या रंगभवनातला इंडिपेंडन्स रॉक महोत्सव १९८६पासूनचा, म्हणजे आपल्या वादातल्या सालचाच; पण तिथे भारतीय बँड वाजवीत. मेटॅलिका ऑक्टोबर २०११मध्ये आली. गुरुग्रामचा कार्यक्रम ऐनवेळी रद्द झाला आणि ३० तारखेचा बंगळुरूचा पार पडला. २०२२मध्ये ‘स्ट्रेंजर थिंग्ज’ या मालिकेतल्या एका प्रसंगामुळे ‘मास्टर ऑफ पपेट्स’ नव्याने शाळकरी मुलांच्या कानी पडले, तेव्हा १९८६चे पारडे पुन्हा एका बाजूला झुकले.

स्लेयर बंगळुरूला ऑक्टोबर २०१२मध्ये वाजवून गेले. पुण्याहून रात्रीच्या बसने गेलेल्यांनी तिथे ‘रेन इन ब्लड’मधली गाणी ऐकली, परंतु त्यांतली बरीचशी लिहिणारा जेफ हॅनेमन आजारपणामुळे मंचावर नव्हता. त्याच्या जागी गिटार वाजवीत होता एक्सोडसचा गॅरी होल्ट, ज्याच्या रिफ्सवर ‘बाँडेड बाय ब्लड’ उभा आहे.