आर-ओ-वन (एनआयएचची रिसर्च ग्रँट)

आर-ओ-वन ही अमेरिकेच्या नॅशनल इन्स्टिट्यूट्स ऑफ हेल्थची, म्हणजे एनआयएचची, सगळ्यात जुनी ग्रँट. एनआयएच मेरीलँड राज्यातल्या बेथेस्डाला, त्यात २७ इन्स्टिट्यूट आणि सेंटर, पण बजेटचा ८० टक्क्यांहून जास्त पैसा जातो बाहेरच्या युनिव्हर्सिट्या, मेडिकल कॉलेजं आणि हॉस्पिटलांना, आणि तो बहुतेक स्पर्धेतूनच मिळतो.

नवीन प्रपोजलची तारीख ठरलेली, ५ फेब्रुवारी, ५ जून, ५ ऑक्टोबर. रिसर्चचा प्लॅन १२ पानांत बसवायचा, वर एक पान 'स्पेसिफिक एम्स'चं, म्हणजे नेमकं काय करणार त्याचं. खरा जीव त्या एका पानात असतो, कारण बरेच रिव्ह्यूअर आधी तेच वाचून मत बनवतात.

मग प्रपोजल जातं स्टडी सेक्शनकडे. इथे निर्णय घेणारे एनआयएचचे अधिकारी नसतात, त्याच विषयात काम करणारे बाहेरचे शास्त्रज्ञ असतात, म्हणजे उद्या तुम्हीही त्यांच्या प्रपोजलला मार्क देत असाल. जवळचे संबंध असतील तर त्या मेंबरला तेवढ्यापुरतं खोलीबाहेर जावं लागतं. मार्क १ ते ९, आणि आपल्या परीक्षेच्या उलट, १ सगळ्यात भारी. सगळ्यांची सरासरी काढून १० ने गुणतात, म्हणून स्कोअर १० ते ९०. बरीच प्रपोजलं तर चर्चेलाच येत नाहीत, त्यांना एकूण स्कोअर मिळत नाही, लेखी शेरे मात्र मिळतात. पुढे इन्स्टिट्यूटची कौन्सिल, आणि शेवटची सही डायरेक्टरची. नाकारलं तर ३७ महिन्यांच्या आत एकदा सुधारून पाठवता येतं.

लोकांना वाटतं ग्रँट प्रोफेसरची, पण कागदावर ती संस्थेची असते, नोकरी बदलली तर जुन्या संस्थेने सोडल्याशिवाय ती सोबत नेता येत नाही. शिवाय लॅबच्या खर्चाच्या वर संस्था एनआयएचकडून 'इनडायरेक्ट' खर्च घेते, वीज, इमारत, ऑफिस वगैरेसाठी, मोठ्या ठिकाणी हा दर ५० टक्क्यांच्याही वर असतो. फेब्रुवारी २०२५ मध्ये एनआयएचने तो सरसकट १५ टक्क्यांवर आणायचं जाहीर केलं, राज्यं आणि युनिव्हर्सिट्या कोर्टात गेल्या आणि कोर्टाने ते अडवलं. मला विचाराल तर हा दर कमी करण्यावर चर्चा व्हायला हरकत नव्हती, पण एका रात्रीत एवढा कापला तर प्राण्यांची घरं आणि फ्रीझर कोण चालवणार?

आपल्याकडून पोस्टडॉकला गेलेल्यांसाठी एक कामाची गोष्ट, आर-ओ-वनला अमेरिकन नागरिकत्व किंवा ग्रीन कार्ड लागत नाही. के-नाइन्टीनाइनलाही नाही, म्हणजे पोस्टडॉकमधून स्वतःच्या लॅबकडे जाताना मिळणाऱ्या ग्रँटला. ट्रेनिंगच्या बाकीच्या बहुतेक 'के' (करिअरच्या) आणि 'एफ' (फेलोशिपच्या) ग्रँटना मात्र लागतं.