पुन्हा पुन्हा भरणारं गळू: भगंदराचा एमआरआय कसा करून घ्यावा

गुदद्वाराजवळचं गळू एकदा फुटलं की बरं वाटतं, पण तेच पुन्हा त्याच जागी भरलं तर आत भगंदर, म्हणजे गुदमार्गापासून बाहेरच्या कातडीपर्यंत गेलेली नळी, असण्याची शक्यता मोठी. ती कुठून निघते आणि मल रोखून धरणाऱ्या स्नायूतून कशी जाते, हे शस्त्रक्रियेआधी एमआरआयमध्ये सर्वांत स्पष्ट दिसतं. नळीत औषध सोडून एक्स-रे काढण्याच्या जुन्या पद्धतीत स्नायूच दिसत नाही. मात्र ताप, ठणका आणि सूज असेल तर तपासणीच्या तारखेची वाट पाहू नका. पू आधी काढावा लागतो.

सुरुवात सर्जरीच्या ओपीडीतून, केसपेपर काढून. लाजेपोटी 'मूळव्याध' सांगू नका, चिठ्ठी चुकीची निघते. चिठ्ठीवर 'भगंदरासाठी एमआरआय' असं स्पष्ट हवं, नुसतं 'पोटाचा एमआरआय' नको. आधीच्या शस्त्रक्रिया, क्षयरोग किंवा क्रोन्सचा (आतड्याच्या दीर्घकालीन दाहाचा आजार) इतिहास तिथेच लिहून घ्या. जुनी डिस्चार्ज कार्डं आणि फिल्म जोडा. रेडिओलॉजिस्टला जुना व्रण आणि नवी नळी वेगळी ओळखायला त्यांचाच आधार असतो.

खर्चाचं पाहू. महाराष्ट्राच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासण्या व उपचार निःशुल्क आहेत, पण एमआरआय यंत्र सगळीकडे नसतं. वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालयं वेगळ्या विभागाची. तिथे शुल्क परवडत नसेल तर समाजसेवा अधीक्षकांना भेटा.

महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेत रेशनकार्ड आणि आधार घेऊन आरोग्यमित्राकडे (रुग्णालयात बसणारा योजनेचा मदतनीस) जा. पिवळ्या-केशरीसोबत आता पांढरं कार्डही चालतं, वर्षाला कुटुंबामागे ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे. मात्र ही योजना मंजूर उपचारांसाठी आहे. नुसता बाहेरून काढलेला एमआरआय तिच्यात बसेलच असं नाही, म्हणून पैसे भरण्याआधी आरोग्यमित्राला विचारा. हेल्पलाइन १५५३८८.

तपासणीच्या दिवशी पेसमेकर, कॉक्लिअर इम्प्लांट (ऐकू येण्यासाठी कानात बसवलेलं यंत्र), मेंदूतली क्लिप, शरीरात राहिलेला धातूचा तुकडा किंवा गर्भारपण असेल तर आधीच सांगा. चित्र अधिक स्पष्ट येण्यासाठी शिरेतून औषध द्यायचं ठरलं तर क्रिएटिनिनचा (मूत्रपिंडाचं काम दाखवणारी रक्तचाचणी) अहवाल मागतात. साधारण अर्धा-पाऊण तास स्थिर पडून राहावं लागतं.

अहवाल घेताना नळीचं आतलं तोंड घड्याळाच्या कोणत्या आकड्यावर आहे (गुदद्वार म्हणजे घड्याळाची तबकडी मानून जागा सांगतात), नळी स्नायूतून कशी जाते आणि फाटे किंवा पूचा साठा आहे का, हे लिहिलंय ना ते बघा. सीडीही मागून घ्या, सर्जनला चित्रं स्वतः पाहायची असतात.