क्वार्टरबॅकमधील भूमिकावाटप (अमेरिकन फुटबॉल)

अमेरिकन फुटबॉलचा संघ क्वार्टरबॅक या एकाच जागेसाठी दोन-तीन खेळाडू बाळगतो. महाविद्यालयीन संघांत तर ही संख्या चार-पाचावरही जाते. त्यांच्यापैकी सामना कोण खेळणार, राखीव कोण थांबणार, सरावात प्रतिस्पर्ध्याचे सोंग कोण घेणार आणि सगळेच जायबंदी झाले तर कोणाला उतरवायचे, याची संघात आधीच वाटणी झालेली असते. या नोंदीचा विषय ती वाटणी. आपल्याकडे नुसते ‘फुटबॉल’ म्हटले की गोल चेंडू आणि पाय आठवतात. इथला खेळ तो नव्हे. हा लांबट चेंडूचा, हेल्मेट आणि खांद्यांवर जाड पॅड घालून खेळायचा अमेरिकी खेळ आहे.

ही जागा वेगळी का

आक्रमणाची जवळजवळ प्रत्येक चाल एकाच प्रकारे सुरू होते. मधला खेळाडू, म्हणजे सेंटर, दोन पायांमधून चेंडू मागे देतो आणि तो क्वार्टरबॅकच्या हातात येतो. या क्रियेला स्नॅप म्हणतात. पुढे चेंडू फेकायचा, धावणाऱ्याच्या हाती द्यायचा की स्वतःच घेऊन पळायचे, हे पुढच्या तीन सेकंदांत ठरते. बाकीच्या जागांवर खेळाडू सतत बदलले जातात. बचावातले धिप्पाड गडी दमले की बाहेर येतात, ताजे आत जातात, आणि त्यात कोणाला कमीपणा वाटत नाही. क्वार्टरबॅक मात्र असा आळीपाळीने बदलत नाहीत. झेलणारा वळायच्या आधीच चेंडू हवेत सोडायचा असतो, त्यामुळे त्या दोघांची वेळ महिनोन् महिने जुळवावी लागते. स्नॅप मागताना क्वार्टरबॅक जो आवाज देतो, त्याची लयसुद्धा पुढच्या रांगेच्या कानात बसलेली असते.

जवळचे उदाहरण द्यायचे तर क्रिकेटमधल्या राखीव यष्टिरक्षकाचे देता येईल. तोही अख्खा दौरा पाणी नेण्यात घालवतो. पण यष्टिरक्षकाला निदान फलंदाज म्हणून संघात शिरता येते. राखीव क्वार्टरबॅकला सहसा दुसरे दार नसते.

भूमिका म्हणजे सरावाची वाटणी

प्रत्येक संघ आपला डेप्थ चार्ट, म्हणजे जागेनुसार खेळाडूंची उतरंड, जाहीर करतो. तो कागद आहे. खरी उतरंड सरावाच्या मैदानावर दिसते. अमेरिकेतल्या व्यावसायिक नॅशनल फुटबॉल लीगमध्ये (एनएफएल) बहुतेक सामने रविवारी होतात आणि त्यांचा मुख्य सराव बुधवार ते शुक्रवार चालतो. प्रतिस्पर्धी पाहून त्या आठवड्यापुरत्या निवडलेल्या चाली एवढ्या असतात की प्रत्येकीच्या वाट्याला सरावाच्या फार थोड्या खेपा येतात. त्या जवळपास सगळ्या पहिल्या क्वार्टरबॅकलाच दिल्या जातात. दोघांत वाटल्या तर दोघेही अर्धवट तयार होतात. ‘तू क्रमांक दोन’ याचा रोजच्या व्यवहारातला अर्थ असा की या आठवड्यात तुला सराव मिळणार नाही.

मग दुसरा काय करतो? पहिल्याच्या आठ-दहा पावले मागे उभा राहून तो प्रत्येक चाल चेंडूविना करतो: पावले तीच, नजर तीच, हात रिकामा. त्यानंतर त्याची पाळी येते ती स्काउट टीममध्ये. ही टीम म्हणजे येत्या रविवारच्या प्रतिस्पर्ध्याची नक्कल. सहायक प्रशिक्षक एका मोठ्या पुठ्ठ्यावर समोरच्या संघाची चाल काढून दाखवतो. राखीव मंडळी ती पाहून आपल्याच बचावाविरुद्ध खेळून दाखवतात. म्हणजे स्वतःच्या संघाच्या चाली तो पाहून आणि ऐकून शिकतो, आणि समोरच्या संघाच्या चाली हाताने करतो. रविवारी अचानक उतरावे लागले तर खेळायच्या असतात पहिल्या प्रकारच्या. या कामातला सगळ्यांत अन्यायाचा भाग हाच, आणि त्यावर अजून कोणाला उपाय सापडलेला नाही. सरावात क्वार्टरबॅकला, मग तो पहिला असो वा तिसरा, बहुधा लाल जर्सी देतात. लाल जर्सीवाल्याला धडक मारायची नाही, एवढाच तिचा अर्थ.

सामन्याच्या दिवशी राखीव क्वार्टरबॅक

१९९४ पासून एनएफएलमध्ये प्रशिक्षकाला क्वार्टरबॅकच्या हेल्मेटमधल्या रेडिओवरून चाल सांगता येते. अशा हेल्मेटला मागे हिरवा ठिपका असतो. पुढची चाल सुरू करण्याच्या घड्याळात पंधरा सेकंद उरले की हा रेडिओ आपोआप बंद होतो. दुसरा क्वार्टरबॅक सीमारेषेवर तेच बोलणे ऐकत असतो. एका चालीचे नाव दहा-पंधरा शब्दांचेही असू शकते आणि ते अडखळत म्हणून चालत नाही. म्हणून तो ते मनातल्या मनात घोकतो. पहिला बाहेर आला की समोरच्या बचावाची छायाचित्रे दोघे मिळून पाहतात. ‘तो उजव्या कोपऱ्यावरचा गडी सारखा आत सरकतोय’ अशी एक नोंद कधी कधी पुढच्या फेकीएवढी मोलाची ठरते.

महाविद्यालयीन खेळात रेडिओ आला २०२४ मध्ये. तोवर चाल पोचवायची ती हातवाऱ्यांनी आणि चित्रांच्या फलकांनी. राखीव क्वार्टरबॅक रांगेने उभे राहून एकाच वेळी वेगवेगळ्या खुणा करत. एकाची खूण खरी, बाकीच्यांची फसवी. खरी कोणाची, हे मैदानावरच्याला आधी सांगून ठेवलेले असे.

पहिल्याला लागले असे दिसताच दुसरा पहिले काम करतो ते सेंटरला बाजूला घेऊन चार-पाच स्नॅप घेण्याचे. आठवडाभर त्याने चेंडू घेतलेला असतो राखीव सेंटरकडून. हात बदलला की पकड बदलते.

एके काळी किक मारणाऱ्यासाठी चेंडू धरून ठेवण्याचे कामही राखीव क्वार्टरबॅककडे असे. आता ते बहुतेक ठिकाणी पंटर, म्हणजे हातातला चेंडू लाथेने लांब उडवून प्रतिस्पर्ध्याला देणारा खेळाडू, करतो, कारण किकरसोबत सराव करायला त्याच्याकडे वेळच वेळ असतो. भूमिका बदलली पण जुने काम सुटले नाही तर काय होते, हे एनएफएलमधल्या डॅलस संघाने पाहिले. टोनी रोमो २००६ च्या हंगामाच्या मध्यात ड्र्यू ब्लेडसोच्या जागी पहिला क्वार्टरबॅक झाला. चेंडू धरण्याचे काम त्याच्याकडेच राहिले. जानेवारी २००७ मध्ये सिअॅटलविरुद्धच्या बाद फेरीत अगदी जवळून मारायच्या सोप्या किकच्या वेळी त्याच्या हातून चेंडू निसटला आणि डॅलस २१-२० असे हरले.

क्रम बदलतो तेव्हा

क्रम दोन कारणांनी बदलतो: दुखापत आणि पराभव. पराभवामुळे बदलला तर चर्चा फार होते. दुखापतीमुळे बदलला तर इतिहास घडण्याची शक्यता जास्त. न्यू इंग्लंडने २००० मध्ये नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत (ड्राफ्ट) टॉम ब्रेडीला १९९ व्या क्रमांकावर निवडले तेव्हा तो संघातला चौथा क्वार्टरबॅक होता. संघाने मार्च २००१ मध्ये ब्लेडसोशी दहा वर्षांचा, १० कोटी ३० लाख डॉलरचा करार केला. सप्टेंबरमध्ये न्यूयॉर्क जेट्सविरुद्ध ब्लेडसोला छातीत जबर मार बसून अंतर्गत रक्तस्राव झाला आणि ब्रेडी आत आला. नोव्हेंबरमध्ये ब्लेडसो बरा झाला, तरी प्रशिक्षक बिल बेलिचिक यांनी ब्रेडीलाच पुढे ठेवले. पिट्सबर्गविरुद्धच्या उपांत्य सामन्यात ब्रेडीचा घोटा दुखावला, तेव्हा ब्लेडसोनेच उतरून संघाला जिंकून दिले. अंतिम सामन्यात मात्र पुन्हा ब्रेडी. पुढच्या वर्षी ब्लेडसो बफेलोला गेला. पाच वर्षांनी डॅलसमध्ये रोमोने ज्याची जागा घेतली तो हाच. एका माणसावर ही वेळ दोनदा यावी, हे विलक्षणच.

उलट बाजूने पाहायचे तर अर्ल मोरॉल. १९६८ मध्ये बाल्टिमोरच्या जॉनी युनायटसला दुखापत झाली म्हणून तो खेळला आणि त्या हंगामाचा लीगमधला सर्वोत्तम खेळाडू ठरला. अंतिम सामन्यात मात्र त्याचे तीन पास प्रतिस्पर्ध्यांच्या हाती पडले. त्या संघाचे प्रशिक्षक डॉन शूला पुढे मायामीला गेले आणि १९७२ मध्ये त्यांनी मोरॉलला तिथे आणले. पाचव्या सामन्यात बॉब ग्रिसीचा पाय मोडला, आणि ३८ वर्षांच्या मोरॉलने उरलेला साखळी हंगाम एकही सामना न गमावता पार पाडला. उपांत्य सामन्याच्या उत्तरार्धात बरा झालेला ग्रिसी परत आला; अंतिम सामनाही त्यालाच मिळाला. संघ १७-० असा अजिंक्य राहिला. मोरॉलने कुरकुर केली असती तर कोणी नावे ठेवली नसती. पण राखीव माणसाने संघ सांभाळून परत द्यायचा असतो, हा संकेत त्याने पाळला.

हा संकेत प्रत्येक ठिकाणी टिकत नाही. फिलाडेल्फियाचा निक फोल्स डिसेंबर २०१७ मध्ये कार्सन वेंट्झच्या गुडघ्याच्या दुखापतीनंतर उतरला, अंतिम सामना ४१-३३ असा जिंकून सर्वोत्तम खेळाडू ठरला, आणि पुढच्या हंगामात वेंट्झ बरा होताच पुन्हा दुसरा झाला. २०२० मध्ये त्याच संघाने जेलन हर्ट्सला वेंट्झच्या पाठीमागे घेतले. हर्ट्सला या खुर्चीची सवय होती. जानेवारी २०१८ च्या महाविद्यालयीन राष्ट्रीय विजेतेपदाच्या सामन्यात त्याचा अलाबामा विद्यापीठाचा संघ १३-० ने मागे असताना मध्यंतरात त्याला बसवून तुआ टॅगोव्हायलोआला उतरवले गेले आणि संघ जिंकला. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये तुआ जायबंदी झाल्यावर हर्ट्सने बाकावरून उठून परिषदेचे, म्हणजे त्यांच्या गटातल्या विद्यापीठांच्या स्पर्धेचे, विजेतेपद मिळवून दिले. फिलाडेल्फियात त्याने हंगाम संपण्यापूर्वीच वेंट्झची जागा घेतली.

शिकाऊ म्हणून बसवणे हा वेगळा प्रकार आहे. ॲरन रॉजर्स तीन वर्षे ब्रेट फाव्हरच्या मागे बसला, आणि नंतर जॉर्डन लव्ह तीन वर्षे रॉजर्सच्या मागे. पॅट्रिक महोम्सला पहिल्या वर्षी एकच सामना मिळाला. आता एवढा धीर फार संघांकडे नसतो.

दोघांना एकदम खेळवणे

दोन क्वार्टरबॅक असणे म्हणजे एकही नसणे, असे या खेळात म्हटले जाते. तरी प्रयोग झाले. डॅलसचे टॉम लँड्री यांनी ऑक्टोबर १९७१ मध्ये शिकागोविरुद्ध रॉजर स्टॉबॅक आणि क्रेग मॉर्टन यांना एकाआड एक चालीला पाठवले. संघ २३-१९ असा हरला. त्यानंतर स्टॉबॅकला कायम केले आणि डॅलस त्या हंगामात पुन्हा हरलेच नाही. अंतिम सामनाही त्यांनी जिंकला. आज दुसऱ्या क्वार्टरबॅकला ठरावीक चार-सहा चालींपुरते आणणे, विशेषतः तो पळण्यात तरबेज असेल तर, एवढीच या कल्पनेची उरलेली शाखा. न्यू ऑर्लिन्सचा टेसम हिल तर क्वार्टरबॅक म्हणवत चेंडू झेलत असे, धावत असे आणि किकच्या वेळी धडकाही मारत असे. वर म्हटलेले दुसरे दार त्याने स्वतः पाडून घेतले.

तिसरा आणि त्याच्याही पुढचा

एनएफएल संघाच्या ५३ जणांपैकी सामन्याला सगळे तयार ठेवता येत नाहीत, म्हणून तिसऱ्या क्वार्टरबॅकवर जागा खर्च करणे चैनीचे वाटते. १९९१ ते २०१० पर्यंत त्याला यादीबाहेरचा ‘आपत्कालीन’ म्हणून ठेवण्याची मुभा होती. अट अशी की सामन्याच्या चार पर्वांपैकी शेवटच्या पर्वाआधी तो उतरला तर पहिल्या दोघांना परत येता येणार नाही. नंतर ही तरतूद गेली.

ती परत आणली एका सामन्याने. २९ जानेवारी २०२३ रोजी फिलाडेल्फियात सॅन फ्रान्सिस्कोचा उपांत्य सामना होता. त्यांचा ब्रॉक पर्डी हंगामाच्या सुरुवातीला तिसऱ्या क्रमांकावर होता आणि २०२२ च्या निवडीतला अगदी शेवटचा, २६२ वा खेळाडू. पुढच्या दोघांना दुखापत झाल्याने तो इथवर आला होता. पहिल्याच पर्वात त्याच्या कोपराचा अस्थिबंध तुटला. बदली आलेल्या जॉश जॉन्सनला तिसऱ्या पर्वात डोक्याला मार लागला. पर्डी परत आला, पण त्याला चेंडू लांब फेकता येईना. संघ ३१-७ असा हरला. मे २०२३ मध्ये लीगने तिसऱ्या क्वार्टरबॅकचा नियम पुन्हा आणला: पहिले दोघे दुखापतीमुळे किंवा पंचांनी बाहेर काढल्यामुळेच गेलेले असतील तर तो उतरू शकतो. प्रशिक्षकाला खेळ आवडला नाही, हे कारण चालत नाही.

त्याहीपलीकडची पायरी म्हणजे जो क्वार्टरबॅक नाहीच, तो. नोव्हेंबर २०२० मध्ये कोविडच्या नियमांमुळे डेन्व्हरचे सगळे क्वार्टरबॅक एकदम बाद झाले. सराव पथकातला केंडल हिंटन नावाचा झेलणारा, ज्याने महाविद्यालयात कधी काळी ही जागा खेळली होती, त्याला आदल्या दिवशी सांगून उभे केले. नऊपैकी एक पास यशस्वी, १३ यार्ड, ३१-३ असा पराभव.

म्हणून बहुतेक प्रशिक्षक संघातला असा एखादा माणूस मनात धरून ठेवतात. १९६५ मध्ये बाल्टिमोरचे दोन्ही क्वार्टरबॅक जायबंदी झाले, तेव्हा शूलांनी ही जागा टॉम मॅटी या धावणाऱ्याला दिली. त्याने साखळीतला शेवटचा सामना जिंकून दिला आणि ग्रीन बेविरुद्धचा निर्णायक सामना जादा वेळेपर्यंत ओढला. संघ हरला तो १३-१० असा. चाली पाठ करायला वेळच नव्हता, म्हणून मॅटीने त्या लिहिलेली पट्टी मनगटावर बांधली होती. ती आता ओहायोतील कँटनच्या हॉल ऑफ फेममध्ये आहे. आज पहिला क्वार्टरबॅकही तशी पट्टी बांधूनच खेळताना दिसतो.