विपणनाचे पदवी शिक्षण (इंदूर)

विपणनाचे पदवी शिक्षण : बारावीनंतर तीन किंवा चार वर्षे बाजारपेठ, ग्राहक, किंमत, वितरण, विक्री व जाहिरात यांचा पद्धतशीर अभ्यास करून मिळवायची पहिली पदवी. इंदुरात हे शिक्षण प्रामुख्याने देवी अहिल्या विश्वविद्यालयाच्या अध्ययनशाळा (विद्यापीठाचे स्वतःचे विभाग), त्याच्याशी संलग्न महाविद्यालये आणि काही खासगी विद्यापीठे यांतून दिले जाते.

निव्वळ विपणनाच्या नावाची पदवी मात्र सहसा कोणाच्या हाती पडत नाही. विद्यापीठ अनुदान आयोग अधिनियम, १९५६ च्या कलम २२ नुसार आयोगाने निर्दिष्ट केलेल्या नावांच्याच पदव्या देता येतात. म्हणून प्रमाणपत्रावर बी.कॉम. (वाणिज्य) किंवा बी.बी.ए. (व्यवसाय प्रशासन) असते आणि विपणन हा त्यातला मुख्य किंवा विशेष विषय असतो. या दोन पदव्यांची घराणी वेगळी आहेत. बी.कॉम. हिशेब, कायदा आणि अर्थशास्त्राच्या अंगाने बाजाराकडे येते, तर बी.बी.ए. व्यवस्थापकाच्या निर्णयांच्या अंगाने. प्रवेशाच्या वेळी पालक दोहोंची तुलना करतात ती बहुधा शुल्क आणि नोकरीवरून. अभ्यासाच्या दृष्टीने घराण्याचा हा फरक अधिक महत्त्वाचा आहे.

उगमाचा प्रश्न : विद्यापीठीय विषय म्हणून विपणन नेमके कोठे सुरू झाले याबद्दल एकमत नाही. प्रचलित मत अमेरिकेकडे बोट दाखवते. मिशिगन विद्यापीठात एडवर्ड डेव्हिड जोन्स यांनी १९०२ मध्ये वितरण-व्यवसायांवर शिकवलेला अभ्यासक्रम पहिला मानला जातो. त्याच सुमारास इलिनॉय व कॅलिफोर्निया विद्यापीठांतही असे वर्ग निघाल्यामुळे हा मान एकट्या मिशिगनला देणे काहींना पटत नाही. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात १९०४-०५ च्या सुमारास ‘मालाचे विपणन’ या शीर्षकाचा अभ्यासक्रम होता. नावाला महत्त्व देणारे अभ्यासक तेथून आरंभ धरतात. ओहायो राज्य विद्यापीठात १९०५ मध्ये जेम्स हॅगर्टी यांनी मालाच्या वितरणावर वर्ग सुरू केला.

दुसरे मत यापेक्षा मागे, जर्मनीकडे जाते. तेथे लाइपझिग शहरात १८९८ मध्ये व्यापारविषयक उच्च शिक्षणाची संस्था निघाली होती, आणि अमेरिकेतल्या त्या पिढीच्या अनेक अर्थशास्त्रज्ञांवर जर्मन ऐतिहासिक संप्रदायाचा प्रभाव होता. सिद्धांताआधी प्रत्यक्ष बाजारात जाऊन माहिती गोळा करावी, हा त्या संप्रदायाचा आग्रह. आरंभीचे अमेरिकी अभ्यासक्रम मुख्यतः शेतमाल शेतापासून शहरापर्यंत कसा पोहोचतो, मधल्या दलालांचे काम काय आणि त्यांचा वाटा रास्त आहे का, याच प्रश्नांभोवती फिरत होते. हे ध्यानात घेता दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते. ब्रँड आणि जाहिरात हे या विषयाचे मूळ नव्हे. मूळ मंडईत आहे. आज सर्वत्र शिकवली जाणारी वस्तू, किंमत, स्थान व संवर्धन (प्रमोशन) ही चौकट जेरोम मॅकार्थी यांनी १९६० मध्ये मांडली, म्हणजे विषय वर्गात आल्यावर अर्धशतकाहून अधिक काळाने.

भारतातही क्रम तोच दिसतो. मुंबईचे सिडनहॅम महाविद्यालय (१९१३) हे आशियातील पहिले वाणिज्य महाविद्यालय मानले जाते. पण विक्रीव्यवहाराला अभ्यासविषयाचे रूप येण्यामागे शेतमालाच्या बाजारांचे नियमन हे मोठे कारण होते. वऱ्हाडात कारंजा येथील कापूसबाजार १८८६ च्या सुमारास नियमाखाली आला आणि १८९७ मध्ये वऱ्हाडासाठी कापूस व धान्य बाजारांचा कायदा झाला. शाही कृषी आयोगाच्या १९२८ च्या अहवालानंतर १९३५ मध्ये केंद्रीय विपणन संचालनालयाचा पाया घातला गेला, आणि १९३७ मध्ये प्रतवारी व चिन्हांकनाचा, म्हणजे अ‍ॅगमार्कचा, कायदा आला. इंदूर तेव्हा ज्यात होते त्या मध्य भारत राज्याने १९५२ मध्ये आपला मंडी कायदा केला, तर मध्य प्रदेशचा सध्याचा कायदा १९७२ चा आहे.

इंदुरातील विकास : होळकरांची राजधानी १८१८ मध्ये महेश्वरहून इंदुरास आली. पुढे माळव्याची अफू, कापूस आणि कापड यांच्या व्यापाराने शहर वाढले. महाविद्यालयीन परीक्षा मात्र दीर्घकाळ बाहेरच्या विद्यापीठांच्या होत्या. १९२७ मध्ये स्थापन झालेल्या आग्रा विद्यापीठाकडे मध्य भारतातील महाविद्यालये गेली, १९५७ पासून उज्जैनचे विक्रम विद्यापीठ आले आणि १९६४ मध्ये इंदूर विद्यापीठ स्थापन झाले, ज्याचे पुढे देवी अहिल्या विश्वविद्यालय असे नामांतर झाले. विद्यापीठाची व्यवस्थापन अध्ययन संस्था साधारणतः १९६०-७० च्या दशकाच्या अखेरीची. तिचा भर पदव्युत्तर शिक्षणावर राहिल्याने पदवी स्तरावर विपणन बराच काळ बी.कॉम.च्या एखाद-दुसऱ्या प्रश्नपत्रिकेपुरते होते.

खरा बदल १९९४-९५ पासून विद्यापीठ अनुदान आयोगाच्या व्यवसायाभिमुख विषयांच्या योजनेने घडला. ‘जाहिरात, विक्री संवर्धन व विक्री व्यवस्थापन’ हा विषय त्यामुळे बी.कॉम.मध्ये मुख्य विषयांच्या पंगतीला बसला. बी.बी.ए.चा प्रसार त्यानंतरचा. भारतीय व्यवस्थापन संस्थेने (इंदूर, स्थापना १९९६) बारावीनंतरचा पाच वर्षांचा एकात्मिक अभ्यासक्रम २०११ मध्ये सुरू केला, तेव्हा व्यवस्थापन हे पदवीनंतरच शिकायचे ही समजूत शहरात ढळू लागली.

स्वरूप : मध्य प्रदेशाने राष्ट्रीय शिक्षण धोरण २०२१-२२ पासून लागू केले. एक वर्षानंतर प्रमाणपत्र, दोन वर्षांनंतर पदविका, तीन वर्षांनंतर पदवी आणि चौथ्या वर्षी ऑनर्स किंवा संशोधनासह पदवी अशी रचना आहे. तीन वर्षांसाठी १२० आणि चार वर्षांसाठी १६० श्रेयांक (क्रेडिट) हे विद्यापीठ अनुदान आयोगाचे किमान प्रमाण. २०२४-२५ पासून बी.बी.ए. हा अभ्यासक्रम अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या कक्षेत आला असून परिषदेने त्यासाठी नमुना अभ्यासक्रम दिला आहे. ग्राहक वर्तन, विपणन संशोधन, किरकोळ विक्री, डिजिटल मार्केटिंग हे विषय सर्वत्र सारखेच.

प्रकल्पकार्य हा या शिक्षणाचा सर्वांत मोलाचा भाग होय, आणि इंदुरासारखे शहर त्यासाठी क्वचित मिळते. सियागंजात किराण्याचा घाऊक व्यवहार, छावणीत धान्यमंडी, महाराजा तुकोजीराव क्लॉथ मार्केटमध्ये कापड, राजवाड्यामागे सराफा (दिवसा सोने-चांदी, रात्री खाद्यपदार्थ) आणि देवास नाक्याकडे गोदामे : वितरणाची जवळजवळ संपूर्ण साखळी एका सिटी बसच्या टप्प्यात पाहता येते. १ जुलै २०१७ पूर्वी आंतरराज्य विक्रीवरचा केंद्रीय विक्रीकर टाळण्यासाठी कंपन्या राज्याराज्यांत स्वतंत्र डेपो ठेवत. वस्तू व सेवा करानंतर ते कारण उरले नाही आणि गोदामे कोठे, किती ठेवायची याचा हिशेब अंतर व वाहतूकखर्चावर आला. हा बदल पुस्तकातून नीट समजत नाही. एखाद्या स्टॉकिस्टकडे (कंपनीचा माल साठवून दुकानदारांना पुरवणाऱ्याकडे) बसून त्याची बिले व परतमालाची नोंद पाहिली की लगेच कळतो. दुर्दैवाने बरेच प्रकल्प तयार प्रश्नावली मित्रमंडळींत भरून घेऊन उरकले जातात. मार्गदर्शकांनी विद्यार्थ्यांना मंडईत पाठवण्याचा आग्रह धरायला हवा.

मराठी विद्यार्थी : होळकरशाहीत स्थिरावलेली मराठी कुटुंबे परंपरेने राज्यसेवा, अध्यापन व वकिलीकडे वळली होती, व्यापार मुख्यतः मारवाडी, गुजराती, बोहरा व सिंधी समाजांच्या हाती राहिला. त्यामुळे रामबाग, लोकमान्यनगर किंवा राजेंद्रनगर भागातील मराठी मुले विपणनाकडे आली ती बहुधा दुकानाचा वारसा नसताना, पगारी नोकरी समोर ठेवून. उधारीचे चक्र, हंगामी साठा, घासाघीस या गोष्टी व्यापारी घरातल्या वर्गमित्राला बालपणीच ठाऊक असतात. इतरांना त्या प्रकल्पातूनच मिळवाव्या लागतात. परीक्षेचे माध्यम हिंदी किंवा इंग्रजी असते. पुणे-मुंबईच्या अभ्यासक्रमांवर बेतलेली मराठी पाठ्यपुस्तके येथे पूरक वाचनापुरती उपयोगी पडतात, विशेषतः संकल्पना प्रथमच समजून घेताना. पदवीनंतर काही जण इंदुरातच वितरण, औषधविक्री, बँका व नमकीन उद्योगांत स्थिरावतात. पुण्याकडे जाणारे बहुधा तेथे एम.बी.ए. करून मग नोकरी शोधतात.