डोळ्यातलं इंजेक्शन आणि त्यामागचं प्रथिन

लालबागच्या माझ्या मावशीला मधुमेह जुना. डॉक्टर म्हणाले, ‘पडद्याला सूज आहे, डोळ्यात इंजेक्शन द्यावं लागेल.’ डोळ्यात सुई म्हटल्यावर घरात दोन दिवस कुणी नीट जेवलं नाही. प्रत्यक्षात टोचायला काही सेकंद लागले. बाकावर शेजारी बसलेल्या गृहस्थांनी औषधाचं नाव वाचलं आणि दचकले: ‘हे तर आमच्या ताईला टाटात देत होते, आतड्याच्या कॅन्सरला!’

गृहस्थांचं बरोबर होतं. औषध बेव्हासिझुमॅब. ते ज्या प्रथिनाला बांधून ठेवतं त्याचं नाव व्हीईजीएफ, म्हणजे रक्तवाहिन्यांना वाढायला लावणारा घटक.

त्याचा माग दोन वेगळ्या वाटांनी लागला. १९४८ मध्ये आयझॅक मायकेलसन या नेत्रतज्ज्ञाने अंदाज बांधला की प्राणवायू कमी पडलेला पडदा काहीतरी रसायन सोडून नव्या वाहिन्या बोलावून घेत असावा. दुसरी वाट कॅन्सरची. बोस्टनचे शल्यविशारद जुडा फोकमन यांनी १९७१ मध्ये मांडलं की गाठीला स्वतःचा रक्तपुरवठा मिळाला नाही तर ती एक-दोन मिलिमीटरच्या पुढे जात नाही. रक्तपुरवठा तोडा, गाठ उपाशी मरेल. तेव्हा अनेकांना ते पटलं नाही.

१९८३ मध्ये हॅरॉल्ड ड्वोराक आणि डोनाल्ड सेंगर यांना गिनीपिगच्या गाठींमधून वाहिन्या पाझरायला लावणारं एक प्रथिन सापडलं. मग १९८९ मध्ये जेनेन्टेक कंपनीत नेपोलिओने फेरारा यांनी गाईच्या पीयूषिका ग्रंथीच्या पेशींमधून वाहिन्या वाढवणारं प्रथिन वेगळं काढलं. जनुकांचा क्रम जुळवून पाहिला तर दोन्ही एकच! एकाने त्याचं पाझरवणं पाहिलं होतं, दुसऱ्याने वाढवणं. मावशीच्या पडद्याची सूज ही पहिल्या गुणाची करामत.

पण हे प्रथिन मुळात खलनायक नाही. १९९६ मध्ये उंदरांवर दिसलं की ते बनवणाऱ्या जनुकाच्या दोन प्रतींपैकी एक जरी गेली तरी गर्भ साधारण अकराव्या दिवसाच्या सुमारास मरतो. अर्धं प्रथिन असूनही रक्तवाहिन्यांचं जाळं नीट विणलं जात नाही. इतकी काटेकोर मात्रा फार थोड्या जनुकांना लागते.

२००४ मध्ये बेव्हासिझुमॅबला अमेरिकेत मोठ्या आतड्याच्या पसरलेल्या कॅन्सरसाठी मान्यता मिळाली. डोळ्यासाठी खास बनवलेलं रॅनिबिझुमॅब आलं २००६ मध्ये, भलत्याच किमतीला. त्याच्या आदल्याच वर्षी फिलिप रोझेनफेल्ड या नेत्रतज्ज्ञाने कॅन्सरचं औषध अगदी थोडं, सुमारे एक मिलिग्रॅम, डोळ्यात देऊन पाहिलं होतं. कुपी १०० मिलिग्रॅमची. म्हणजे एका कुपीत कितीतरी डोळे. वयोमानाने पडदा झिजणाऱ्या रुग्णांवरच्या तुलनेत २०११ मध्ये दोन्ही औषधं गुणाला जवळपास सारखीच ठरली. मुंबईतल्या मध्यमवर्गीय घरांना हे इंजेक्शन परवडतं ते बरंचसं या हिशेबामुळे. मात्र कुपी वाटून घेताना जंतू शिरायचा धोका राहतो. गुजरातेत काही रुग्णांच्या डोळ्यांना जंतुसंसर्ग झाल्यावर २०१६ च्या जानेवारीत केंद्रीय औषध नियंत्रकांनी डोळ्यातल्या वापराविरुद्ध इशारा दिला, आणि नेत्रतज्ज्ञांनी बाजू मांडल्यावर काही आठवड्यांतच तो मागे घेतला.

परळला कॅन्सरचं टाटा, केईएम आणि लहान मुलांचं वाडिया ही रुग्णालयं हाकेच्या अंतरावर आहेत, आणि या प्रथिनाशी तिन्हीकडच्या डॉक्टरांचा संबंध येतो. सगळ्यात अवघड प्रसंग अकाली जन्मलेल्या बाळाचा. त्याच्या अर्धवट वाढलेल्या पडद्यावर वेड्यावाकड्या वाहिन्या फुटतात, वेळीच आवरलं नाही तर दृष्टी जाऊ शकते. तिथेही हेच औषध चालतं. पण डोळ्यातलं थोडं औषध रक्तात उतरतं, आणि त्या बाळाची फुप्फुसं, मेंदू, मूत्रपिंडं अजून याच प्रथिनाच्या भरवशावर वाढत असतात. म्हणून बाळाला मात्रा मोठ्यांच्या निम्मी किंवा त्याहून कमी, आणि जिथे भागतं तिथे अजूनही लेझर.