हातावरील जिवाणूंवरून गुन्हेतपास

माणसाने हाताळलेल्या वस्तूवर त्याच्या तळहातावरचे जिवाणू उतरतात. डीएनएवरून त्या जिवाणूंची यादी करायची आणि ती संशयिताच्या हातावरच्या यादीशी ताडून पाहायची, अशी ही न्यायसहायक विज्ञानातील पद्धत आहे. ती अजून संशोधनाच्या टप्प्यात आहे. बोटांच्या ठशांसारखी किंवा मानवी डीएनएसारखी न्यायालयात रुळलेली नाही. तिचा उपयोग मुख्यतः जिथे ठसा नीट उठत नाही तिथे अपेक्षित आहे: कापड, खरखरीत प्लास्टिक, किंवा ठसा उठला पण रेषा फरफटल्या अशी जागा.

मुळात माणसामाणसांचे हात किती वेगळे असतात, हे २००८ साली अमेरिकेतील कोलोरॅडो विद्यापीठाच्या बोल्डर येथील संशोधकांनी मोजले. ५१ विद्यार्थ्यांच्या १०२ तळहातांवर मिळून ४,७००हून अधिक प्रकारचे जिवाणू सापडले आणि त्यांतले फक्त ५ प्रकार सगळ्या हातांवर होते. एका तळहातावर सरासरी दीडशेच्या वर प्रकार होते. त्याहून नवलाची गोष्ट म्हणजे एकाच माणसाच्या डाव्या-उजव्या हातांत जेमतेम १७ टक्के प्रकार समाईक निघाले. दोन वेगळ्या माणसांच्या हातांत १३ टक्के. संख्येने मात्र थोड्याच कुळांचे राज्य असते: क्युटिबॅक्टेरियम (त्या वेळचे नाव प्रोपिओनिबॅक्टेरियम), स्ट्रेप्टोकॉकस, स्टॅफिलोकॉकस, कोरिनेबॅक्टेरियम. ही सर्वांकडे असतात, त्यामुळे ओळख पटते ती त्यांच्या प्रमाणावरून आणि तुरळक आढळणाऱ्या प्रकारांवरून. हात धुतल्याने वस्ती नाहीशी होत नाही. काही तासांत ती बरीचशी पूर्ववत होते.

त्याच गटातील नोआ फिरर, रॉब नाइट आणि सहकाऱ्यांनी २०१० साली याचा तपासासाठी उपयोग होईल का, ते पाहिले. तीन माणसांचे, प्रत्येकी एकट्यानेच वापरलेले संगणकाचे कीबोर्ड घेऊन एकेका कळीवरून नमुने घेतले. कळांवरचे जिवाणू इतर दोघांपेक्षा मालकाच्या बोटांच्या टोकांशी अधिक जुळले. पुढे नऊ जणांचे माउस तपासले. त्यांना मालकाचा हात लागून किमान १२ तास झाले होते. त्या माउसना कधीही न शिवलेल्या २७० हातांच्या संग्रहाशी तुलना केली असता नऊही माउस आपापल्या मालकाच्या हाताच्या जास्त जवळचे ठरले. ‘जास्त जवळचा’ म्हणजे ‘त्याचाच’ नव्हे. बातम्यांमध्ये हा फरक बहुधा गळून पडतो. त्वचेवरून घेतलेले बोळे १४ दिवस २० अंश सेल्सियसला ठेवूनही ओळख टिकली, हा त्या अभ्यासाचा तपासाच्या दृष्टीने सर्वांत उपयोगी भाग.

नमुना घेणे

निर्जंतुक बोळा (स्वॅब) ०.१५ मोलर मिठाच्या निर्जंतुक द्रावणात ०.१ टक्का ट्वीन-२० मिसळून त्यात भिजवतात. ट्वीन हा सौम्य साबणासारखा पदार्थ आहे. तेलकट थरात रुतलेले जिवाणू तो सुटे करतो. बोळा नळीच्या कडेला दाबून जादा द्रव निथळू द्यायचा, मग ठरावीक क्षेत्रावर सुमारे १० सेकंद बोळ्याचे टोक फिरवत घासायचे. कीबोर्डची कळ असेल तर फक्त माथा. कडेच्या फटीत महिनोनमहिने साचलेली धूळ असते आणि ती यादी बिघडवते. प्रत्येक नमुन्याला नवे हातमोजे आणि तोंडावर मास्क, कारण बोलताना उडणाऱ्या थुंकीतले स्ट्रेप्टोकॉकस थेट नमुन्यात येऊन पडतात.

नवशिक्यांचे चुकते ते घासण्यात नव्हे, सोबतच्या कोऱ्या नमुन्यांत. एक भिजवलेला पण कशालाही न लावलेला बोळा, एक त्याच वस्तूच्या न हाताळलेल्या भागावरचा आणि एक प्रयोगशाळेत डीएनए काढतानाचा रिकामा नमुना, इतके तरी हवेतच. घरात चोरी झाली असेल तर घरच्या सगळ्यांच्या हातांचे नमुनेही वगळण्यासाठी लागतात. संशयिताचे दोन्ही हात वेगवेगळ्या बोळ्यांनी घ्यायचे. वरचा १७ टक्क्यांचा आकडा पाहता दोन्ही हात एका बोळ्यात एकत्र करणे म्हणजे हाती आलेला पुरावा पातळ करणे आहे. वस्तूला शेवटचा हात कधी लागला असावा आणि नमुना किती वाजता घेतला, दोन्ही वेळा पंचनाम्यात हव्यात. ओला बोळा प्लास्टिकच्या पिशवीत कोंडून टेबलावर ठेवला तर त्यातले जिवाणू वाढू लागतात आणि प्रमाण बदलते. तो उणे २० अंशांवर किंवा त्याखाली गोठवावा. ठशाची पावडर उडवण्याआधीच बोळा फिरवावा, कारण पावडरीचा ब्रश आधीच्या घटनास्थळाचे कण घेऊन आलेला असतो.

यादी आणि तुलना

जिवाणूंची पेशीभित्ती चिवट असते, म्हणून बारीक मण्यांसह नमुना जोरात हलवून ती फोडतात. मग १६एस आरआरएनए या सुमारे १,५०० बेसच्या (डीएनएच्या अक्षरांच्या) जनुकाचा एक भाग पीसीआरने, म्हणजे डीएनएच्या तुकड्याच्या पुन्हा पुन्हा प्रती काढून, वाढवतात आणि त्याचा क्रम वाचतात. हे जनुक सर्व जिवाणूंत असते आणि एका पेशीत त्याच्या अनेकदा एकाहून जास्त प्रती असतात, त्यामुळे मानवी डीएनए अपुरा पडतो अशा निसटत्या स्पर्शातूनही काही हाती येते. जनुकाचा कोणता भाग वाचायचा, हे मात्र महत्त्वाचे. या जनुकाच्या जिवाणूगणिक बदलणाऱ्या भागांना व्ही१, व्ही२ असे क्रमांक आहेत. व्ही४ भागासाठीचे जुने प्रायमर (कोणता भाग वाढवायचा ते ठरवणारे डीएनएचे छोटे तुकडे) त्वचेवरचे क्युटिबॅक्टेरियम फारच कमी दाखवत. त्वचेसाठी व्ही१ ते व्ही३ बरे. एका भागावरून केलेली यादी दुसऱ्या भागावरच्या यादीशी ताडून पाहू नये.

दोन याद्यांतले अंतर मोजायला युनिफ्रॅक हे माप वापरतात. दोन्ही याद्यांतले जिवाणू एका वंशवृक्षावर मांडायचे. ज्या फांद्या एकाच यादीच्या वाट्याला येतात त्यांची लांबी एकूण लांबीच्या किती, तेच अंतर: ० म्हणजे दोन्ही सारख्या, १ म्हणजे एकही फांदी समाईक नाही. जवळची भावंडे वेगळी निघाली तर फरक थोडा, दूरचे कूळ निघाले तर मोठा.

कुठे फसते

नमुन्यात जिवाणू कमी असले की रसायनांतले आणि किटमधले जिवाणू डोके वर काढतात. २०१४ साली ही अडचण पद्धतशीरपणे दाखवली गेली. हाताच्या नमुन्यात ब्रॅडिरायझोबियम किंवा राल्स्टोनिया भरपूर दिसले की आधी कोरा नमुना उघडून पाहावा. पीसीआरची आवर्तने वाढवल्याने हा दोष वाढतो, कमी होत नाही.

दुसरी अडचण घरच्या माणसांची. एकत्र राहणाऱ्यांच्या, इतकेच काय पाळलेल्या कुत्र्याच्याही, त्वचेवरचे जिवाणू एकमेकांशी मिळतेजुळते होतात; ६० कुटुंबांच्या २०१३ सालच्या अभ्यासात हे स्पष्ट दिसले. तेव्हा भावाभावांत निवड करायची वेळ आली तर ही पद्धत डगमगते. एकसारख्या जुळ्यांचा मानवी डीएनए जवळपास तंतोतंत सारखा असला तरी त्यांच्या हातांवरचे जिवाणू वेगळे असू शकतात, हा तिचा फायदा म्हणून सांगितला जातो. एका घरात राहणाऱ्या जुळ्यांबाबत तो जपूनच सांगावा. हस्तांदोलनातूनही दुसऱ्याचे जिवाणू आपल्या हातावर येतात आणि पुढे आपण धरलेल्या वस्तूवर जातात. दाराची मूठ, लिफ्टचे बटण, दुकानातला काउंटर अशा दहा हातांच्या जागा म्हणूनच जवळपास निरुपयोगी. मोबाइल सर्वांत उत्तम: एकाच मालकाचा, सतत हातात.

काळ हा तिसरा आणि खरा शत्रू. सात कुटुंबांच्या घरांचा सहा आठवड्यांचा अभ्यास २०१४ साली प्रसिद्ध झाला. त्यात घरातला माणूस काही दिवस बाहेरगावी गेला की घरातल्या जिवाणूंत त्याचा वाटा घटलेला दिसला. हातावरची वस्तीही ऋतू, प्रतिजैविके आणि कामधंदा यांनुसार बदलते. संशयित महिन्यांनी सापडला, तर त्याच्या तेव्हाच्या हाताशी घटनेच्या दिवशीचा नमुना जुळेलच असे नाही. न जुळल्याने तो निर्दोषही ठरत नाही. यावर उपाय म्हणून कुळे मोजण्याऐवजी एकाच जातीतील उपप्रकार पाहण्याकडे कल आहे. टेक्सासमधील संशोधकांनी २०१८ साली २८६ जनुकीय खुणांचा असा एक संच मांडला. आठ जणांवरचे त्याचे निकाल चांगले होते, पण आठच जणांवरचे.

कायद्याच्या अंगाने, भारतात अशा अहवालाला भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ३९खाली तज्ज्ञाचे मत इतकेच स्थान मिळेल. फौजदारी प्रक्रिया (ओळख) अधिनियम, २०२२ यातील ‘जैविक नमुने’ या शब्दांत हाताचा बोळा बसवता येईल. त्या अधिनियमाप्रमाणे घेतलेल्या नोंदी ७५ वर्षे जपायच्या असतात. ठशाच्या बाबतीत त्याला अर्थ आहे. हातावरच्या जिवाणूंची नोंद पुढच्या पावसाळ्यापर्यंत तरी कामाची राहील का, हे आधी तपासावे लागेल.