पोर्टोलान नकाशे

पोर्टोलान नकाशे : भूमध्य समुद्र व काळा समुद्र यांच्या किनाऱ्यांचे, चर्मपत्रावर हाताने काढलेले मध्ययुगीन सागरी नकाशे. उपलब्ध नमुन्यांत पॅरिस येथील ‘कार्ता पिसाना’ सर्वांत जुना मानला जातो. तो तेराव्या शतकाच्या अखेरीचा असावा. साल नोंदवलेला सर्वांत जुना नकाशा जेनोआच्या प्येत्रो व्हेस्कोंते याचा (१३११) आहे. पुढे मायोर्का बेटावरही ही कला भरभराटीस आली.

नकाशाभर दिशारेषांचे जाळे असते. आठ मुख्य वाऱ्यांच्या (म्हणजे दिशांच्या) रेषा काळ्या वा तपकिरी, मधल्या अर्धवाऱ्यांच्या हिरव्या व पाववाऱ्यांच्या तांबड्या असतात. निघण्याचे व पोहोचण्याचे बंदर पट्टीने जोडायचे, त्या ओळीला समांतर दिशारेषा शोधायची आणि होकायंत्रावर तीच दिशा धरायची, अशी मार्ग ठरविण्याची रीत होती. अंतर मोजपट्टीवरून काढीत. बंदरांची नावे किनाऱ्याला काटकोनात लिहीत. मोठ्या बंदरांची तांबड्या शाईत.

उगमाविषयी मतभेद आहेत. ज्ञात नमुन्यांत हे नकाशे जवळजवळ परिपूर्ण अवस्थेतच दिसतात. त्याआधीचे कच्चे टप्पे हाती लागलेले नाहीत. त्यामुळे काहींनी त्यांचे मूळ प्राचीन ग्रीक-रोमन मोजणीत शोधले. रोएल निकोलाय यांनी २०१४ मध्ये, इतकी अचूकता मध्ययुगीन खलाशांच्या नोंदींतून साधणे शक्य नव्हते, असे गणिताच्या आधारे मांडले. बहुतेक अभ्यासक मात्र होकायंत्राच्या दिशा व खलाशांनी अंदाजलेली अंतरे यांतूनच नकाशे जुळवले गेले, असे मानतात. भूमध्य समुद्राचा अक्ष या नकाशांत सु. ९ अंशांनी कललेला असून त्याचे पूर्वेचे टोक उत्तरेकडे उचललेले दिसते. होकायंत्राची सुई खऱ्या उत्तरेपासून ढळते, हे ध्यानात न घेतल्याचा हा परिणाम असल्यास होकायंत्राविषयीचे हे मत अधिक ग्राह्य ठरते.

भूमध्य समुद्रात अक्षांशांवाचून अडत नसे. अटलांटिकमध्ये पोर्तुगीज दूरवर गेल्यावर मात्र ध्रुवताऱ्याची व सूर्याची उंची मोजणे आवश्यक झाले आणि १५०० च्या सुमारास नकाशांवर अक्षांशपट्टी येऊ लागली.

हिंदी महासागरातील नकाशांची माहिती तुटपुंजी आहे. पोर्तुगीज इतिहासकार बारोस याच्या वृत्तांतानुसार पूर्व आफ्रिकेतील मालिंदी येथे एका गुजराती वाटाड्याने वास्को द गामाला (१४९८) भारतीय किनाऱ्याचा नकाशा दाखविला. त्यावर उभ्याआडव्या रेषा होत्या, दिशारेषा नव्हत्या. हा वृत्तांत अर्धशतकानंतर छापला गेल्याने तो जपूनच स्वीकारावा लागतो.